सकाळी अकराचं घर : रिटायर झाल्यावरची रोजची सुखं (खान्देशकरांनी लिहा)

गिरणाकाठ, जळगाव

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

३१ मेला रिटायर झालो. पाटबंधारे खातं, ३४ वर्षं नोकरी. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो मग आता काय, चारधाम का, पोराकडे पुण्याला का, एखादी एजन्सी वगैरे का. मी सांगतो की अजून घरच बघून झालं नाही. लोकांना वाटतं मी टाळतोय पण मी खरंच सांगतोय. हे घर बांधलं १९९८ ला, साल पक्कं लक्षात आहे कारण त्याच जुलैत नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि माझी तिकडे बदली झाली, म्हणजे घर बांधलं आणि मीच घरात नाही. तर एवढ्या वर्षांत सकाळी अकरा वाजता आपल्या घरात ऊन कुठपर्यंत येतं हे मला माहीत नव्हतं. रविवारी असायचो की घरी, पण रविवारचं घर वेगळं असतं, सगळे असतात, टीव्ही चालू, पाहुणे येतात. मधल्या वारातलं अकराचं घर मी जूनमध्ये पहिल्यांदा बघितलं. देवघराच्या वरच्या जाळीतून ऊन येतं, आधी समईवर पडतं, मग हळूहळू खाली सरकत जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत जातं आणि तिथून निघून जातं. गल्ली एकदम शांत. कोणाच्या तरी घरातून काळ्या मसाल्याच्या फोडणीचा वास. मेथीवाली येते आणि तिला सगळ्या घरातल्या बायका नावाने ओळखतात, फक्त मीच ओळखत नव्हतो.

बाकी माझी सुखं म्हणजे पहाटे मेहरूण तलावाला चक्कर (बोरं यायला लागतील आता, मेहरूणच्या बोरांची चव दुसरीकडे नाही हे मी कोणाशीही वाद घालून सांगेन), मग पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, कपाशीच्या भावासकट, मग दुसरा चहा कपबशीत घेऊन ओट्यावर. आणि वांगी निवडणं. पूर्वी ऑफिसातून येताना अंधारात जे मिळेल ते पिशवीत टाकायचो. आता सकाळी जातो, एकेक वांगं हातात घेऊन बघतो, हलकं आहे का, देठ ताजा आहे का. भरताचं वांगं हाताला हलकं लागलं पाहिजे, जड असलं की आत बिया.

तर तुमचं सांगा. मोठ्या ट्रिपा नकोत, त्या सगळीकडे वाचायला मिळतात. रोजचं काय आवडतं ते लिहा.

भुसावळ_रनिंग

मस्त धागा भो. मी रेल्वेतला, लोको पायलट होतो, ६० ला सुटलो त्याला आता चार वर्षं झाली.

माझं सुख एकच सांगतो, रात्रीची झोप. ज्यांनी रनिंगमध्ये, म्हणजे गाडीवर, नोकरी केली नाही त्यांना नाही कळणार. आमच्या सुरुवातीच्या काळात ड्युटीचा निरोप द्यायला कॉलबॉय यायचा कॉल बुक घेऊन, रात्री दीडला दार वाजवायचा, उठायचं, सही करायची, तोपर्यंत बायको उठून डबा करायला लागलेली असायची. नंतर मोबाईल आले म्हणजे दाराऐवजी उशाला वाजायला लागलं. लग्न, बारसं, पोराची दहावीची परीक्षा, सगळं त्या कॉलच्या हातात. आता पावसाळ्यात मध्यरात्री जाग येते, पत्र्यावर पाऊस वाजतोय, मी घड्याळ बघतो दीड वाजलेला असतो आणि मी पुन्हा पांघरूण ओढून घेतो. एवढंच. पण चार वर्षं झाली तरी ते सुख जुनं झालं नाही.

दुसरं म्हणजे बाजूची खिडकी. गाडी चालवणाऱ्याला समोरचा रूळ दिसतो आणि सिग्नल दिसतं, बाजूचं काही बघायचं नसतं. मी खांडव्याच्या लाईनवर किती फेऱ्या मारल्या असतील मोजदाद नाही, पण भुसावळ सोडलं की तापीचा पूल, मग सावदा, निंभोरा, रावेर, दोन्ही बाजूंनी केळीच केळी, हे मी रिटायर झाल्यावर बायकोशेजारी खिडकीत बसून पाहिलं. आम्ही महिन्यातून एकदा बुऱ्हाणपूरला जातो. सकाळची गाडी, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तिकडे गरम मावा जिलेबी खायची, तापीच्या घाटावर तासभर बसायचं आणि संध्याकाळी घरी. फारुकी सुलतानांची राजधानी होती ती, सगळ्या खान्देशचा कारभार तिथून चालायचा, म्हणून मला ते परराज्यातलं गाव वाटतच नाही. गाडी सावद्याला थांबली की ही मला विचारते इथे तुम्ही किती वेळा थांबलात, आणि मी सांगत बसतो.

नंदुरबारी_मिरची

बठ्ठास्ले राम राम. मी नंदुरबारना शे, वय ७६, बँकेत होतो.

आमच्याकडे थंडीत बाजार समितीच्या बाजूला पथाऱ्या लागतात मिरचीच्या. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी एकदा बघाच, जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली, नजर जाईल तिथपर्यंत लाल. मी रोज सकाळी तिकडून चक्कर मारतो, तोंडाला उपरणं बांधून. बायका मिरचीचे देठ खुडत बसलेल्या असतात, त्यांच्याशी दोन शब्द बोलतो, भाव विचारतो. बँकेत असताना या व्यापाराचे नुसते आकडे पाहिले, माल कधी डोळ्याने पाहिला नव्हता.

आणि एस्टी. ७५ पूर्ण झाली की एस्टीचा प्रवास फुकट, ऑगस्ट २०२२ पासून. मी त्याचा भरपूर फायदा घेतो, त्यात संकोच कसला. परवा प्रकाशाला जाऊन आलो, केदारेश्वराचं दर्शन, तापी आणि गोमाईचा संगम, नदीवर वारा इतका छान होता की दोन गाड्या सोडून दिल्या. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते, घोड्यांचा बाजार. मला घोडा घ्यायचा नसतो, मला घोडा बघायचा असतो. मालक त्याला खरारा करतो, त्याच्याशी बोलतो, ते बघत अर्धा दिवस जातो. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली यात्रा ती, मधली चाळीस वर्षं दर वेळी काहीतरी क्लोजिंग निघायचं.

भुसावळ_रनिंग

@नंदुरबारी_मिरची जिभाऊ, ते फुकट एस्टीने बुऱ्हाणपूरला येता येईल का? आमचे एक काका ७८ चे आहेत, त्यांना न्यायचं मनात आहे.

नंदुरबारी_मिरची

नाही. सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच, पुढचं तिकीट काढावं लागतं. ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट, आणि बाईमाणसाला मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं. आधार कार्ड जवळ ठेवायचं, बस. काकांना रेल्वेनेच न्या, गाडीत संडासाची सोय असते, या वयात ते आधी बघायचं.

एरंडोलची_आक्का

मी सहसा लिहीत नाही. पण पहिली पोस्ट वाचून दोन दिवस डोक्यात घोळत होतं म्हणून लिहिते, गिरणाकाठ भाऊ राग मानू नका.

मी नोकरी केली नाही, घर केलं. आमच्या यांची ३५ वर्षं नोकरी झाली. तुम्ही लिहिलंत की अकराचं घर तुम्ही पहिल्यांदा पाहिलं, ऊन कुठे पडतं, मेथीवाली कोण, किती शांत असतं. वाचायला खूप छान वाटलं. पण भाऊ, ते घर रिकामं नव्हतं ना. त्यात कोणीतरी होतं रोज अकराला.

साडेदहाला सगळे आपापल्या वाटेला लागले की साडेदहा ते एक हा माझा वेळ होता. कामं असायचीच, चैत्रात बिबडे, कुरडया, पावसाळ्याआधी डाळी, पण ती माझ्या चालीने. आकाशवाणी जळगाव लावायची, मागच्या दारात बसायचं, शेजारची यायची, तिच्याजवळ जे बोलायचं ते बोलायचं, कधी रडायचं पण. कधी नुसतं आडवं पडायचं, पंखा बघत. दिवसातला तेवढाच वेळ मला कोणी हाक मारत नव्हतं. हे रिटायर झाले आणि तो वेळ गेला. अकराला म्हणायचे चहा टाक, सव्वाअकराला विचारायचे काय करतेस, रेडिओ बारीक कर, आणि एक दिवस माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले. माणूस प्रेमळच आहे, मदत म्हणूनच केलं त्यांनी. पण मला त्या दिवशी जिरं सापडेना आणि मी ओट्याला धरून रडले. त्यांना कळलंच नाही काय झालं. शेजारची यायची तीही बंद झाली, दादा घरी असतात म्हणून.

सहा महिने असे गेले, मग मी एकदा स्पष्ट बोलले. आता साडेदहा ते एक ते बाहेर जातात, वाचनालयात, नाहीतर पारावर, कधी कोणाच्या कामाला तहसीलला. एक वाजता येतात ते मला सांगायला काहीतरी घेऊन येतात, आणि मला पण ऐकावंसं वाटतं. आणि महिन्यातून एकदा आम्ही दोघं पद्मालयाला जातो, साध्या वारी, अंगारकीला नाही. तळ्यात कमळं असतात, देवळात गणपतीच्या दोन मूर्ती, एक उजव्या सोंडेची एक डाव्या सोंडेची. मी तळ्याच्या पायरीवर बसते, हे घरून आणलेली पोहे-चिवड्याची पुडी सोडतात. तिथे आम्ही बोलतो ते घरी बोलत नाही.

बाईले बी तिना येळ लागस भाऊ. एवढंच सांगायचं होतं.

गिरणाकाठ, जळगाव

आक्का, राग कसला. तुमची पोस्ट चार वेळा वाचली. मी ऊन पाहिलं, मेथीवाली पाहिली, आणि ही त्या वेळी कुठे असायची हे मला आत्ता सांगता येत नाहीये. स्वयंपाकघरात असेल असं धरून चाललो होतो. विचारतो आज.

दूर_पुण्यात

मी अजून रिटायर व्हायला २५ वर्षं आहेत, पण वडिलांसाठी विचारतोय. बाबा चाळीसगावला असतात, आई पण आहे. गणिताचे शिक्षक होते, गेल्या वर्षी रिटायर झाले. मी त्यांना चांगला मोबाईल घेऊन दिला, घड्याळ दिलं पावलं मोजायचं, एक टूर पण बुक करून दिली होती ती त्यांनी रद्द करायला लावली. आई म्हणते दिवसभर खुर्चीत बसून असतात, कोणाशी बोलत नाहीत. फोन केला की ठीक आहे ठीक आहे म्हणतात आणि आईकडे देतात. मला खरंच काळजी वाटते. काय करू?

भुसावळ_रनिंग

बेटा, मी पण पहिलं वर्ष असाच होतो. मुलं वस्तू पाठवायची आणि मला वाटायचं हे मला गप्प बसवायला देताहेत. चूक त्यांची नव्हती. मला काय पाहिजे होतं ते मलाच सांगता येत नव्हतं. एकदा सुनेने फोन करून विचारलं, आबा वर्षाचे गहू कधी घ्यायचे, कुठला घ्यायचा, एका माणसाला वर्षाला किती लागतो, इथे काही कळत नाही. मी दोन दिवस दाणाबाजारात फिरलो तिच्यासाठी, चार नमुने आणले, पोळ्या करून पाहिल्या. त्यानंतर मी बोलायला लागलो घरात. तर तू त्यांना देऊ नको, त्यांच्याकडे माग. पण खोटं मागू नको, मास्तर माणूस आहे, लगेच ओळखेल.

गिरणाकाठ, जळगाव

याच्याशी सहमत. आणि चाळीसगावचा आहेस तर पुढच्या सुट्टीत आलास की तू त्यांच्याबरोबर दोन ठिकाणी जा, त्यांना पाठवू नको, बरोबर जा.

एक, स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे, आता तिथे कलादालन आहे. फार मोठा फोटोग्राफर, १९८९ ला गेले. जवळपास पन्नास वर्षं हा माणूस त्या घरातच राहिला, बाहेर पडणं जवळजवळ नाहीच, टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेड सावली बघून फोटो काढले, देशोदेशीची बक्षिसं त्या घरात येऊन पडली. मी नोकरीत असताना एकदा घाईत पाहिलं होतं. सप्टेंबरमध्ये परत गेलो आणि तीन तास होतो. एका घरात बसून एवढं बघता येतं, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

दुसरं पाटणादेवी. बाबा गणिताचे आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून तिथे मठ काढला, त्याचा शिलालेख पाटणला सापडलेला आहे, शके ११२८ चा, म्हणजे सन १२०६ च्या सुमाराचा. एका नातवाने आजोबाचं गणित शिकवायची सोय केली, त्याच डोंगराखाली तुझे बाबा आयुष्यभर गणित शिकवत होते. तिथे नेऊन त्यांना म्हण, मला समजावून सांगा. आणि मग तू ऐक. जंगल आहे, गौताळ्याचं अभयारण्य, सकाळी लवकर जा, पाणी बरोबर ठेवा.

दूर_पुण्यात

धन्यवाद काका. भास्कराचार्यांचं मला खरंच माहीत नव्हतं, चाळीसगावला वाढलो तरी. डिसेंबरच्या शेवटी येतोय.

एकटा_अमळनेर

सगळं वाचलं. मी काय लिहू असं वाटत होतं कारण आमचं दोघांचं ठरलं होतं रिटायर झाल्यावर काय काय करायचं आणि मी रिटायर व्हायच्या आधी आठ महिने ती गेली. तीन वर्षं झाली.

पण रोजची सुखं विचारली आहेत तर आहेत. कढीपत्त्याचं झाड तिने लावलेलं, त्याला पाणी घालतो, गल्लीतल्या बायका येऊन पानं तोडून नेतात, दाराशी आवाज राहतो. संध्याकाळी मंगळग्रह मंदिराकडे चालत जातो. नातू रात्री व्हिडीओवर येतो, त्याला रोज एक गोष्ट पाहिजे असते, म्हणून दिवसभर गोष्ट जुळवत असतो मनात, ते पण एक काम झालं. आणि मी स्वयंपाक शिकलो. डाळ, खिचडी, शेवभाजी जमते, पातोडीचा रस्साही जमला एकदा. फक्त कळण्याची भाकरी जमत नाही. तिचं पीठ वेगळंच असायचं, मी नुसतं ज्वारी उडीद दळून आणतो तर ती चव येत नाही. तिला विचारायचं राहून गेलं.

एरंडोलची_आक्का

दादा, चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घ्या, पण उडीद काळे, सालासकट, डाळ नाही. बहुतेक तुम्ही डाळ टाकत असाल. भाजायचे नाहीत. खडेमीठ दळतानाच टाकायचं, हे पुष्कळ जण विसरतात, चव तिथेच येते. आणि चक्कीवाल्याला सांगायचं की कोणाची ज्वारी दळून झाली की त्यामागे टाक, गव्हाच्या मागे टाकलं की त्यात गव्हाचं पीठ येतं. एकदम जास्त दळू नका, पंधरा दिवसांचंच. गरम पाण्यात भिजवा आणि तळहाताने चांगलं मळा, चिरा पडल्या तर मळणं कमी पडलं समजा. वहिनी बाजरी पण टाकत होत्या का? आमच्याकडे काही घरात थंडीत मूठभर टाकतात.

एकटा_अमळनेर

डाळच टाकत होतो. बाजरीचं आठवत नाही. उद्या दळून आणतो.

नंदुरबारी_मिरची

दादा, भाकरी झाली की इथे सांगा. ठेच्याला मिरची आमच्याकडून पाठवतो, खरंच पाठवतो.

एकटा_अमळनेर

झाली. पहिल्या दोन तुटल्या, तिसरी फुगली. चव तीच आहे. बाजरी नव्हती टाकत ती. चक्कीवाल्याला मीठ दिलं तर तो म्हणाला वहिनी पण मीठ देत होत्या दळताना. त्याला माहीत होतं, मी कधी गेलोच नव्हतो चक्कीवर.

भुसावळ_रनिंग

दादा, भुसावळला या. भरीत करू, तुमच्या पिठाच्या भाकरी. आमच्या मेव्हण्याचं शेत आहे बामणोदकडे, पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजू, घरच्या गॅसवरच्या भरताला ती चव नाही. वांगी काळी पडेस्तोवर भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, तेलात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे तळायचे आणि वर कांद्याची पात. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते या वांग्याला. गिरणाकाठ भाऊ तुम्ही वांगी निवडायला या. आक्का तुम्ही दोघं पण. शेतात चुलीशी आम्ही पुरुषच असतो, बायकांनी फक्त खायला बसायचं, हे आधीच सांगून ठेवतो.

एरंडोलची_आक्का

येणार. यांना विचारलं, तयार आहेत.

गिरणाकाठ, जळगाव

मी पण येतो, दोघं येतो. आणि मधे दोन आठवडे लिहिलं नाही त्याचं सांगतो.

त्या दिवशी हिला विचारलं की मी नोकरीवर असताना अकरा वाजता तू कुठे असायचीस. ती आधी म्हणाली कुठे म्हणजे, घरात. मग जरा वेळाने म्हणाली मागच्या दारात, निंबाखाली, पाय लांब करून. आता का बसत नाहीस विचारलं तर म्हणाली तुम्ही पुढे ओट्यावर असता, कधी काय लागेल म्हणून मी आतच असते. सहा महिने मी ओट्यावर बसून शांतता ऐकत होतो आणि ती आत हाकेची वाट बघत होती. मला फार लागलं ते.

दुसऱ्या दिवसापासून साडेदहाला बाहेर पडायला लागलो. वाचनालयात जातो, तिथे माझ्यासारखे पाचसात जण आहेत, एक जुने सर्व्हेअर भेटले, गिरणेच्या कालव्यावर आम्ही दोघांनी वेगवेगळ्या वर्षी काम केलेलं, त्यांच्याशी बोलणं संपत नाही. एक वाजता घरी. दुसरा चहा आता दुपारी चारला आणि तो मी करतो.

काल निघायला चप्पल घातली तर ही म्हणाली आज थांबा, बोरं आलीत, निवडायला बसू. मागच्या दारात बसलो, दोघांच्या मधे सूप. रेडिओ लागला होता. शेजारची आली, मला बघून दारातच थांबली, ही म्हणाली ये गं, आज चालेल. त्या दोघी बोलत होत्या, मी किडकी बोरं बाजूला काढत होतो. आणि मागच्या बाजूने अकराला ऊन येतच नाही हो, निंबाची सावली असते पूर्ण, थेट न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत.